तबकडीतलं नाव

दिवाळीच्या तोंडावर माझी बायको मेली. भेटायला येणारे म्हणतात, बाई गरीब गाय होती. गाय कसली! तमाशाच्या मालकाच्या तोंडावर बोलणारी बाई होती ती.

माहेर हिंगणीचं. आवाज असा की तंबूत पार मागं, कनातीला टेकून बसलेल्यालाही शब्द न् शब्द कळायचा. मी तिच्या मागं ढोलकी वाजवायचो. लग्नाआधी नागपूरला रेकॉर्डवाले आले होते, तेव्हा तिची एक तबकडी निघाली. त्या काळी गाणं संपलं की गाणारी तबकडीत आपलं नाव सांगायची. तिनंही सांगितलं, पोरवयाच्या ठसक्यात. पुढं वर्ध्याच्या चहाच्या हॉटेलांत ते गाणं सारखं वाजायचं.

पन्नास सालानंतर तिचा गळा बसला, अंग सुटलं. मालकानं तबकडी वाजवायचं मशीन न् भोंगा घेतला, एक नवी पोरगी आणली. आत माझ्या बायकोचीच तबकडी फिरायची, बाहेर पोरगी ओठ हलवायची. शेवटी नाव आलं की ती पोरगीच वाकून नमस्कार करायची. माझ्या बायकोला चुलीपाशी बसवलं, साऱ्या मंडळीचा स्वयंपाक करायला.

तळेगावच्या बाजाराला खेळ लागला आणि ऐन वेळी मशीनची स्प्रिंग तुटली. मालक चुलीपाशी आला.

"चाल, तू गाय. पब्लिकनं ऐकलं त उद्यापासून तू स्टेजवर. नाई त मरेपर्यंत भाकरी थापजो."

तिनं पिठाचे हात धुतले. मला म्हणाली, "ढोलकी हळू ठेवजा. माहा आवाज दबू देऊ नोका."

वरचा सूर लागला नाही. पण खालच्या सुरात असं काही होतं, जे तबकडीत कधीच नव्हतं. पहिल्या कडव्यालाच ओरडा सुरू झाला.

"ओ बुढे, पोरगीले धाड!"

"तबकडी लावा ना बे!"

ती थांबली नाही. गाणं पुरं केलं आणि जुन्या रिवाजानं आपलं नाव सांगितलं. सारा तंबू हसला. पुढं बसलेला एक म्हातारा उठला, हात जोडून म्हणाला, "बाई, पोटासाठी काई बी कर. पन त्या बाईचं नाव काऊन खराब करून राह्यली?"

शिट्ट्या मारणाऱ्यांना मी विसरलो. तो हात जोडणारा भेटला असता, तर त्याचं थोबाड फोडलं असतं.

"पाह्यलं?" मालक म्हणाला. "आता भाकरी टाक. पोरं भुकेली हायेत."

तिनं टाकल्या.

त्यानंतर ती गायली नाही, घरातसुद्धा नाही. मी मंडळी सोडली, वर्ध्याला जिनिंगच्या कारखान्यात कापूस वाहू लागलो. आपलं नावही तिनं पुन्हा तोंडातून काढलं नाही. शेजारीण विचारो की रेशनवाला, मीच सांगायचो.

शेवटी दवाखान्यात नर्सनं विचारलं, "आजी, नाव काय तुमचं?"

मी सांगू लागलो.

"तुम्ही नका सांगू, आजोबा. त्यांना भान आहे का ते पाहायचंय."

ती टक्क जागी होती. माझ्याकडं बघितलं आणि भिंतीकडं तोंड केलं.

नर्स डॉक्टरला म्हणाली, "पेशंटला स्वतःचं नावसुद्धा आठवत नाही."