गेटवरचा गुप्त शब्द

शाळा सुटताना गेटवर उभं राहायची ड्युटी एकदा घेऊन बघा! किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते आपणहून अंगावर येतात. कोल्हापूरजवळच्या आमच्या प्राथमिक शाळेत ही ड्युटी माझी. पोर चुकीच्या माणसाच्या हाती लागू नये, एवढंच काम. सोपं वाटतं ना? मलाही वाटलेलं. आता मात्र कोण आपलं आणि कोण परकं, यातच माझं डोकं गरगरतंय.

* * *

हेडसरांनी नियम काढला. प्रत्येक घरानं एक गुप्त शब्द ठरवायचा. न्यायला येणाऱ्यानं तो सांगितला, तरच पोर सोडायचं. पालकसभेत सगळ्यांनी माना डोलावल्या. शब्द गोळा केले, तर निम्म्या गावाचा शब्द एकच, 'चांगभलं'!

"अहो, पण हा तर सगळ्यांच्याच तोंडात असतो!" मी म्हटलं.

"म्हणून तर दिलाय की बाई! इसरायला नको!"

दुसऱ्या दिवशी पोषण आहाराचा तांदूळ घेऊन टेम्पोवाला आला. गेटातून सवयीनं ओरडला, "चांगभलं!"

निम्मा वर्ग दप्तरं पाठीला लावून उभा!

* * *

मग शब्द बदलले. पहिलीतल्या ओंकारचे आजोबा कानानं अधू. त्यांनी रस्त्यापलीकडूनच हाक दिली, "ओंक्याऽ, आपला गुप्त शब्द 'काळी म्हस' हाय न्हवं?"

ओंकारच्या आधी बाहेर जीपमध्ये सीटा भरत बसलेल्या वडापवाल्यानं उत्तर दिलं, "व्हय तात्या, कालबी त्योच हुता!"

* * *

चौथीतल्या श्रावणीचे वडील कारखान्यातली पाळी संपवून तसेच आले. शब्द काही आठवेना.

"बाई, बाप हाय की मी हिचा! नाक बघा आमचं दोघांचं!"

श्रावणी हाताची घडी घालून उभी. "पप्पा, शब्द."

त्यांनी बायकोला फोन लावला. स्पीकरवर उत्तर आलं, "सकाळी भाजीला नावं ठेवताना बरं सगळं सुचत हुतं! आता आठवा की!"

बापलेक बराच वेळ गेटच्या दोन बाजूंना. मी नियम पाळत होते की नवराबायकोच्या भांडणात सापडले होते, मला अजून कळलेलं नाही.

* * *

अनोळखी माणसाकडून खाऊ घ्यायचा नाही, ओरडत वर्गात पळायचं, हे आम्ही पोरांकडून घोकून घेतलं. मग परीक्षा म्हणून हेडसरांनी पन्हाळ्याचा आपला मित्र चॉकलेटं देऊन मैदानात पाठवला. पोरं पळाली खरी, पण त्याच्याकडंच!

"पावणं, कुणाकडं आलायसा?"

एकानं पाणी आणलं. दुसऱ्यानं हाताला धरून शेजारीच असलेल्या आपल्या घरी नेलं. हेडसर मागोमाग धावले, तर मित्र सोप्यात बसून चहा पितोय! पोराची आई म्हणाली, "अनोळखी कुठलं सर? आमच्या थोरल्या जावंच्या म्हायेरचं निघालं की!"

हेडसरांनी माझ्याकडं बघितलं, मी हेडसरांकडं. आता पोरांना पास करायचं की नापास?

* * *

तिसरीतल्या सईला रोज आई न्यायला येते. त्या दिवशी तिच्या मावशीचे यजमान आले. इस्त्रीचा शर्ट, हसरा चेहरा. "आई दवाखान्यात अडकलीया बाई, मला पाठवलंय." शब्दही अचूक सांगितला. मला हायसं वाटलं. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा नियम धड चालला होता!

"जा गं सई," मी म्हटलं.

सई हलली नाही. तिनं माझा पदर धरला.

"शब्द चुकला का बाळा?"

"न्हाय बाई. बरोबर हाय."

"मग?"

"मला न्हाय जायचं."

ते हसले. "लई लाडावलीया. चल गं, उशीर हुतोय." त्यांनी हात पुढं केला, तशी सई माझ्या पाठीमागं गेली.

नियम म्हणत होता, सोड. मी मागं हात नेऊन सईचा हात धरला.

"तिची आई येऊ दे," मी म्हणाले.

"अवो, शब्द सांगितलाय न्हवं मी!"

"सांगितलात," मी म्हटलं, आणि गेटला आतून कडी घातली.