मधले चार दिवस तांदूळ

वराळ्यात अमिनाच्या घरी दिवसभर चार मुलं असतात. सगळ्यांत मोठी सृष्टी, चार वर्षांची. सगळ्यांत धाकटा अजून बूट उलटे घालतो. आईबाप कामावर गेले की मुलांची ही शाळा भरते, पण भिंतीवर अक्षरांचा तक्ता नाही की कोपऱ्यात फळा नाही. अमिनाचा नियम एकच: ताटात जे येईल, त्याचं घर माहीत पाहिजे.

"कांद्याचं घर?"

"जमिनीत!"

"शेवग्याचं?"

"झाडावर!"

"आन् दुधाचं?"

"फ्रीजमध्ये," सार्थक एकदा ठणकावून म्हणाला. त्याच दिवशी अमिनाने चौघांना शेजारच्या गोठ्यात नेऊन म्हशीसमोर उभं केलं. म्हशीने सार्थकच्या तोंडावर एक मोठा फुसकारा सोडला. तेव्हापासून तो दुधाला 'तिचं दूध' म्हणतो आणि न सांडता पितो.

अमिना सातवीपर्यंत शिकली. पुढचे पंचवीस पावसाळे तिने चिखलात वाकून भाताची रोपं लावली. चौघांतली तीन मुलं ज्या सोसायटीतून येतात, ती त्याच खाचरांवर उभी आहे. कुठल्या पार्किंगखाली कुठलं खाचर, हे ती बोट दाखवून सांगते, जुन्या मैत्रिणीचं सासर दाखवावं तसं. गेलेल्या खाचरात रोपं लावता येत नाहीत, पण त्यावर राहणाऱ्या पोरांना भात ओळखता येतो, याचं तिला समाधान आहे.

मार्चमधल्या एका शुक्रवारी सृष्टीची आई यशोधरा संध्याकाळी आली ती हातात कागद घेऊन. चपला न काढताच म्हणाली, "मावशी, हे काय शिकवताय तुम्ही?"

कागदावर चित्रं होती. डावीकडे शेत, गाय, झाड. उजवीकडे तांदूळ, दूध, आंबा. जोड्या लावायच्या. सृष्टीने दूध आणि आंबा बरोबर जोडले होते. तांदूळ मात्र शेताला जोडायला तिने साफ नकार दिला होता.

"दहा दिवसांनी, सोमवारी, तिची शाळेची मुलाखत आहे. मी विचारलं, तांदूळ कुठून येतो? तर म्हणते, गिरणीतून. शेतात उगवतो ना, म्हटलं, तर वर मलाच शिकवते, 'तांदूळ उगवत न्हाई, भात उगवतो.' भात कुकरमध्ये होतो, मावशी! आणि 'न्हाई'सुद्धा तुमचंच."

"'न्हाई' माजंच हाय," अमिनाने कबूल केलं. "पण भाताचं पोरगी बरोबर सांगती."

यशोधराने पर्समधून एक चकचकीत माहितीपत्रक काढलं. तळेगावातलं प्लेस्कूल. "मला वाद नको. हिचं नाव तिथे घालावं म्हणते. सोसायटीतल्या बाकीच्या दोघांच्या आयाही विचारत होत्या."

अमिनाला हिशेब समजला. तीन मुलं गेली की उरतो धाकटा, उलट्या बुटांचा. आणि गावभर बोभाटा होईल की अमिना पोरांना चुकीचं शिकवते. हे दुसरं तिला जास्त लागलं.

"ताई, आठ दिस द्या," ती म्हणाली. "तुमच्या घरातला तांदूळ आना. चांगल्यातला चांगला. आपन पेरू."

दुसऱ्या दिवशी इंद्रायणीचं न फोडलेलं पाकीट आलं. मुलांनी दोन फुटक्या घमेल्यांत माती भरली. एका घमेल्यात आईचा पांढरा तांदूळ पेरला. दुसऱ्यात अमिनाचा नवरा अल्लाबक्ष याने गिरणीतून आणलेला, सोनेरी टरफलातला भात. अल्लाबक्ष त्या गिरणीवरच कामाला होता.

"मावळात तांदूळ पेरताना पहिल्यांदाच बघतोय," तो म्हणाला. "कुटं बोलू नको, लोकं हसतील. पण हा भात रुजलाच न्हाई तर गं?"

अमिनाने एक दाणा दाताखाली धरला. कट् आवाज आला. "चांगला वाळलाय. रुजंल," ती म्हणाली.

चार दिवस काही झालं नाही. मुलं रोज पेल्याने पाणी घालायची आणि घमेल्यांवर कान ठेवून ऐकायची. पाचव्या दिवशी तांदळाच्या घमेल्याला आंबूस वास येऊ लागला. सहाव्या दिवशी सकाळी सृष्टीची किंकाळी घरभर घुमली. दुसऱ्या घमेल्यात सुईच्या टोकाएवढे हिरवे कोंब उभे होते.

शनिवारी यशोधरा आली तेव्हा ते पेरभर झाले होते. पहिल्या घमेल्यात फुगून विरघळलेला तांदूळ. ती कितीतरी वेळ खाली वाकून बघत राहिली. या खेपेला चपला दाराबाहेर होत्या.

"पण दोन्ही एकच ना?"

अमिनाने भाताचा एक दाणा नखाने सोलून तिच्या तळहातावर ठेवला. आत पांढरा तांदूळ होता. "गिरनीत टरफल जातं, टोकाचा कोंबबी जातो. मग तो शिजतो, पन उगवत न्हाई. शेतात असतो तवाबी भात, ताटात आला तवाबी भात. मधले चार दिस तेवडा तांदूळ."

यशोधराला हसू आलं, ते तिने दाबलं नाही. "आणि मुलाखतीत ही काय सांगणार?"

"तिलाच इचारा की."

सृष्टीने बोटं मोजली. "आधी भात. मग गिरणीत तांदूळ. मग परत भात." चौथं बोट तिने स्वतःच्या पोटावर ठेवलं. "मग मी."

तिला घरी न्यायला रोपांचा एक झुबका हवा होता. अमिनाने मातीसकट उपटला आणि गुंडाळायला कागद शोधू लागली. यशोधराने पर्स उघडली, घडी घातलेलं माहितीपत्रक काढलं आणि पुढे केलं. ओली माती त्यावर बसली.

"सोमवारी मुलाखत झाली की आणते हिला," ती म्हणाली. "साडेदहा चालेल?"

"आदी आनता आलं तर बगा," अमिना म्हणाली. "मटकी भिजत घालनार हाय. मोड यायच्या आत तिचं घर दाखवायचंय."