शिंग टोचणारी सम्राज्ञी

तो माझ्या वरच्या मजल्यावर एकोणीस वर्षं राहिला, पण मी त्याला ओळखत होतो असं म्हणायची माझी हिंमत नाही. त्याला चहात साखर किती लागायची, हेही मला सांगता येणार नाही. त्याला जाऊन सात महिने झाले. त्याच्याविषयी लिहायला दुसरं कुणी पुढे येईना, म्हणून हा उद्योग. मला लिहायची सवय नाही, सांभाळून घ्या.

फ्रीज दुरुस्त करणं हा त्याचा धंदा, त्यामुळे सगळे त्याला फ्रीजवाला म्हणत. आठवडाभर लोकांच्या स्वयंपाकघरांत गुडघे टेकून बसायचा आणि रविवारी सकाळी गच्चीवर सिनेमा काढायचा. सहा वर्षं एकच सिनेमा. गोष्ट अशी, की दूरच्या एका ग्रहावर उकाडा इतका वाढतो, की तिथली सम्राज्ञी पृथ्वीवरच्या फ्रीजवाल्याकडे तक्रार नोंदवते. तो यानातून जातो, अख्खा ग्रह तपासतो आणि म्हणतो, "पार्ट मागवावा लागेल. आठ दिवस धरा."

यान म्हणजे पाठीला पाठ लावून उभे केलेले दोन भंगार फ्रीज. अंड्यांचे कप्पे ही त्याची बटणं. ग्रह सुतळीला टांगलेला, आणि ती सुतळी स्पष्ट दिसायची. एका दृश्यात तर अंतराळात मागे कुणाचा तरी टॉवेल वाळत होता. नायक तो स्वतःच. सहा वर्षांत त्याची मिशी पिकली, त्यामुळे यानात शिरताना ती काळी असे आणि पलीकडून बाहेर पडताना पांढरी. कुणी हे दाखवलं की म्हणायचा, "प्रकाशाच्या वेगाने जाऊन बघा, तुमचीही पिकेल."

मी टपाल कचेरीत शिक्के मारून निवृत्त झालेला माणूस. त्याने माझ्या हातात माईकची काठी दिली. "काका, तुम्ही कधी बोलत नाही. आवाज पकडायला असाच माणूस लागतो."

"म्हणजे तुम्हाला या जन्मी जमायचं नाही," त्याची बायको त्याला म्हणाली. तीच सम्राज्ञी होती.

सहाव्या वर्षी ती आजारी पडली. उपचारांत केस गेले. "बरं झालं," ती मला म्हणाली, "सम्राज्ञीला वेणी कुठे शोभते?" डॉक्टरांनी फार दिवस दिले नव्हते. तिचं एक भाषण तेवढं राहिलं होतं. मरत्या ग्रहाची सम्राज्ञी प्रजेचा निरोप घेते, असं पाच मिनिटांचं. नवऱ्याने ते लिहून तिला एकटीलाच दिलं होतं, आणि तिने ते दवाखान्याच्या रांगेत बसून पाठ केलं होतं. त्याला बाकी काही नको होतं. तिचा तो आवाज सिनेमात हवा होता.

कॅमेरा मुका होता, आवाज माझ्याकडच्या रेकॉर्डरवर वेगळा घ्यायचा. त्या रेकॉर्डरला एकच बटण होतं. एकदा दाबलं की चालू, पुन्हा दाबलं की बंद. चालू असताना लाल दिवा लागे. पण तो दिवा सम्राज्ञीच्या शिंगं लावलेल्या चंदेरी मुकुटात चमकायला लागला, म्हणून त्याने त्यावर काळी चिकटपट्टी लावली. भाषणाच्या रविवारी, सुरू करण्याआधी यंत्र चालतंय ना हे बघायला मी बटण एकदा दाबलं, आणि परत दाबायचं विसरलो. मग पुढे तो "चालू" म्हणाला की मी बंद करत होतो आणि "थांबा" म्हणाला की चालू. जन्मभर शिक्के मारले तितक्याच इमानाने. त्या सकाळी तिने भाषण चार वेळा म्हटलं. मी माईकची काठी धरून शेजारी उभा होतो, पण माझं सगळं लक्ष काठी हलू नये याच्यावर. आज त्यातला एक शब्द मला आठवत नाही.

पाच आठवड्यांनी ती गेली. शेवटी शेवटी बोलणंही थांबलं होतं.

दोन महिन्यांनी एका दुपारी तो रेकॉर्डर घेऊन खाली आला. "काका, जरा ऐका."

तिचा आवाज आला. "थांबा हो, शिंग टोचतंय." मग खोकला. "पाणी द्या. काका, तुम्हीही बसा की, हात भरून आले असतील." मग, "अहो, रडताय काय? मी नाटक करतेय." मग त्याचा आवाज, "चालू!" आणि खट्. पुढे काही नाही. मग पुन्हा ती, दमलेली, "कसं झालं?" असं चार वेळा.

मला कळलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग यंत्राकडे पाहिलं आणि म्हणाला, "बॅटरीचा दोष असणार."

मी म्हणालो, "असेल."

आधी त्याने एका शिक्षिकेचा आवाज घालून पाहिला. दोन दिवसांत काढून टाकला. मग जे होतं तेच लावलं.

सिनेमा वाचनालयाच्या खोलीत दाखवला. तीसेक माणसं आली होती, बहुतेक त्याची गिऱ्हाइकंच. पडद्यावर सम्राज्ञीने हात उंचावला, गंभीरपणे तोंड उघडलं आणि म्हणाली, "थांबा हो, शिंग टोचतंय." खोली हशाने दणाणली. ओठ एकीकडे, शब्द दुसरीकडे. माझ्या मागचा एकजण डोळे पुसत म्हणाला, "काय डोकं आहे लेकाचं!" आणि त्यांचं काही चुकत नव्हतं. सगळ्या सिनेमात हसवणारी अशी जागा दुसरी नव्हती.

मी फ्रीजवाल्याच्या शेजारच्या खुर्चीवर होतो. तो हसत नव्हता, रडतही नव्हता. त्याचे ओठ हलत होते, पडद्यावरच्या तिच्या ओठांबरोबर, बिनचूक. तो सबंध भाषण म्हणत होता, आवाज न करता. शेवटी तिने विचारलं, "कसं झालं?" आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

त्याला खरं सांगायचं मी तेव्हाच ठरवलं. सांगेन सांगेन म्हणता चार महिने गेले. मग माझा फ्रीज कुरकुरायला लागला आणि तो बघायला आला. सकाळपासून मी ते एक वाक्य घोकत होतो. तो गुडघे टेकून बसला होता, पाठ माझ्याकडे. चौथ्या दिवशी तो असाच दुसऱ्या कुणाच्या तरी स्वयंपाकघरात बसल्या जागी गेला. पण हे तेव्हा कुणाला ठाऊक होतं?

मी घसा खाकरला. तो मागे वळला.

"काही म्हणालात, काका?"

"नाही. आवाज फार करतोय का?"

"दाराचं रबर गेलंय. सोमवारी आणतो. तोवर दार नीट लावत जा."

"बरं."