सरांचा डावा कल्ला

अणूच्या आतल्या कणांवर म्हसवडात माझ्याएवढं कुणीच ऐकलेलं न्हाई. म्हंजे त्या कणांचं गणित मांडनाऱ्या सरांची दाढी मी करतो, आन माझी शाळा तिसरीतच सुटली.

सर सुट्टीला गावी आलं की माझ्याच खुर्चीत बसत्यात. त्यांच्या कामाला मशीन न्हाई, दुर्बीण न्हाई, निस्ता कागद आन पेन. गालाला फेस लावला तरी लिवनं चालूच. कायबी इचारा, आदी डोळं मिटनार, मग म्हननार, "बघाय लागंल."

परवा अर्धी दाढी झाली आन सर म्हनले, "थांब." कागदावर बोट ठिवून एकच ओळ परत परत तपासली. मग संगट गणित मांडनाऱ्या जोडीदाराला फोन लावला, "आठ वर्षांचं आपलं गणित चुकलंय. चूक माझीच आहे. सगळ्यांना कळवा."

मी घाबारलो. "आवं सर, कशाला सांगताय? मी कुनाला बोललो नसतो."

"चुकलं ते चुकलं, गड्या. कर फुडं."

मग मलाबी जोर आला. म्हनलो, "सर, माझंबी ऐका. तुमचा डावा कल्ला आज जरा वर गेलाय."

ह्या खेपंला सरांनी डोळं मिटलं न्हाईत.

"आज न्हाई रं. तू दुकान टाकल्यापास्नं वरच हाय."