गोड्या पाण्यानं धुतलेलं इंजिन

माझ्याकडे एक गाडी आहे. चपलेच्या खोक्यापेक्षा जेमतेम मोठी, पण तिच्यावरून आमच्या घरात जेवढी कुरबुर झाली तेवढी जमिनीवरूनही झाली नसेल. रिमोटवर चालते, पण बॅटरीवर नव्हे. तिला अंगठ्याएवढ्या पिस्टनचं खरंखुरं इंजिन आहे आणि त्यात नायट्रो नावाचं इंधन घालावं लागतं. त्याच्या वासानं आई नाकाला पदर लावते. अलिबागला कचेरीत नोकरी करणारी, चाळिशीला टेकलेली बाई दर रविवारी रेवदंड्याच्या वाळूवर हे खेळणं पळवते म्हटल्यावर लोक हसणारच. हसू देत. मला त्या इंजिनाचे दोन स्क्रू फिरवत बसण्यात जे सुख मिळतं, ते हसणाऱ्यांना कुठून कळणार?

इंजिनाचं वेड बाबांकडूनच आलं. त्यांनी पस्तीस वर्षं मच्छीमार बोटींची डिझेल इंजिनं दुरुस्त केली आणि त्या इंजिनांनीच त्यांचे कान खाल्ले. जाड आवाज, समोरच्याचं बोलणं त्यांना ऐकू येतं. बारीक, टोकदार आवाज येत नाहीत. गेल्या वर्षी एका बोटीचं इंजिन त्यांनी तपासून दिलं, पण आतली बारीक टकटक त्यांना ऐकू आली नाही. बोट खाडीच्या तोंडाशी बंद पडली आणि दुसऱ्या बोटीनं ओढून आणावी लागली. कुणाला काही झालं नाही. मालक एका शब्दानंही बोलला नाही, आणि तेच बाबांना लागलं. त्या दिवसापासून त्यांनी पाना हातात घेणं सोडलं. तो मालक समोरून दिसला की बाबा दुसऱ्या आळीनं जायचे.

कानात घालायचं यंत्रही आणून झालं. ते सगळंच मोठं करतं. इंजिनापाशी गेलं की नुसता गोंगाट. मग बाबा दिवसभर ओट्यावर बसून राहायचे. ते पुन्हा कामाला लागावेत एवढीच माझी इच्छा होती, आणि ती पुरी कशी करायची हे मला अजिबात सुचत नव्हतं.

माझ्या गाडीचा आवाज म्हणजे कानठळ्या. मी पहिल्यांदा ती अंगणात सुरू केली तेव्हा शेजारचं कुत्रं शेपूट घालून पळालं. बाबा मात्र शेजारी उभे राहून मला विचारत होते, "चालू झाली काय?" मला आधी हसू आलं. मग मी इंजिन बंद केलं.

एका रविवारी मी गाडी ओल्या वाळूवरून पळवली, घरी आणून वरवर पुसली आणि पडवीत ठेवून दिली. पुढच्या शनिवारी इंजिन सुरू करायची दोरी ओढली तर ते हलेना. झाकण काढून पाहिलं तर आत तांबूस गंज.

"हिला कोणी हात लावला?" मी ओरडले.

"मी धुतली," बाबा म्हणाले. "खाऱ्यातून आणलीस ना? गोड्या पाण्यानं आतून धुतली. न्हायतर मीठ खातंय."

बोटीच्या इंजिनाला ते खरं आहे. समुद्रातून आलेलं मशीन आमच्याकडे लोक आधी गोड्या पाण्यानं धुतात आणि मग स्वतः आंघोळ करतात. पण या इंजिनाच्या पोटात पाण्याचा थेंबही जाता कामा नये. वापरून झालं की आत तेलाचे चार थेंब सोडायचे असतात, बस्स. बाबांनी ते मायेनं केलं होतं हे मला त्या क्षणीही कळत होतं. तरी माझी जीभ सुटली.

"तुला आता कळत न्हाय ना, मग कशाला हात लावतोस?"

बाबा उठले. बाहेर जाऊन बसले. मला त्या रात्री जेवण गेलं नाही. इंजिन आठ दिवसांत नवं आणता आलं असतं. ते वाक्य मात्र परत घेता येत नव्हतं.

सकाळी उठले तर स्वयंपाकघरात आईचा आवाज चढलेला. गॅसवर तवा, तव्यावर माझं इंजिन. खाली वर्तमानपत्रावर त्याचे सगळे सुटे भाग ओळीनं मांडलेले.

"बेअरिंग जाम झालाय," बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले. "तापवला का आपसूक सोडंल."

खरंच सोडलं. चिमट्यानं इंजिन उचलून त्यांनी पाटावर हलकेच आपटलं आणि गंजलेलं बेअरिंग टपकन बाहेर आलं. मी त्यांच्याजवळ बसले. "बाबा, काल मी चुकले," म्हणाले. त्यांनी ऐकलं की नाही, कोण जाणे. "नवीन बेअरिंग मागव," एवढंच म्हणाले.

बेअरिंग ठाण्याहून कुरिअरनं आलं. बाबांनी ते बसवलं आणि वर स्वतःची अक्कलही चालवली. हे इंजिन फार तापतं अशी माझी तक्रार होती. "मंग डोका जरा वर उचलू," म्हणत त्यांनी तांब्याच्या कागदासारख्या पातळ पत्र्यातून एक चकती कापली आणि इंजिनाच्या डोक्याखाली घातली, म्हणजे आतला दाब थोडा कमी व्हावा. मी इंटरनेटवर महिनाभर डोळे फोडून जे वाचलं होतं, ते त्यांना न वाचता ठाऊक होतं.

रविवारी आम्ही दोघं ओहोटीला वाळूवर गेलो. मी गाडी सुरू केली. बाबांनी गुडघे टेकले, एक हात गाडीच्या पाठीवर ठेवला आणि धुराकडे बघत राहिले.

"आवाज कसा हाय?"

"जड. गुरगुरतोय."

"इंधन जास्त होतंय. स्क्रू थोडा आवळ."

मी आवळला, गाडी लांबवर पळवून आणली. "आता मोकळा झाला. पण टोकाला किंचाळतो."

त्यांनी बोट ओलं करून इंजिनाच्या डोक्यावर पाण्याचा थेंब सोडला. थेंब क्षणात उडाला. "तहानलाय. आवळलास त्याच्या निम्मा परत सोड."

असं पाच-सहा वेळा झालं. मी ऐकायची, सांगायची. ते धूर बघून, हात लावून ठरवायचे. शेवटी गाडी अशी सुटली की मला तिच्यामागे धावावं लागलं. मागे पातळ निळसर धूर, आवाज एका सुरात. मी धापा टाकत परत आले तेव्हा बाबा उभे राहून खाडीकडे बघत होते.

"उद्या सुट्टी टाकशील?" त्यांनी विचारलं.

"कशाला?"

"त्याची बोट अजून टकटक करतंय, असा ऐकलाय मी. मना येत न्हाय ऐकू. तुला येतंय."

कुणाची बोट, ते विचारायची गरज नव्हती. मी सोमवारची रजा टाकली.

धक्क्यावर मालक आम्हाला बघून चपापला, पण त्यानं मुकाट्यानं इंजिन सुरू केलं. बाबांनी एक लांब स्क्रूड्रायव्हर माझ्या हातात दिला. टोक इंजिनाला, मूठ माझ्या कानामागच्या हाडाला. मी डोळे मिटले. पहिल्या सिलिंडरपाशी काही नाही, दुसऱ्यापाशी काही नाही. तिसऱ्यापाशी बारीक, कोरडी टकटक.

"तिसरा," मी म्हणाले.

"हिला काय कळतंय यातला?" मालकानं बाबांना विचारलं.

"तिला ऐकू येतंय," बाबा म्हणाले. "कळायचा काम माझा हाय." आणि माझ्यापुढे हात करून त्यांनी चौदाचा पाना मागितला.