गुरुवारची पाळी

किन्हीराजाच्या पलीकडची ती वस्ती दिवाळी सरली की रिकामी होते. ट्रक येतात, ऊसतोडीला जाणारी जोडपी भांडीकुंडी आणि लेकरं घेऊन चढतात. मागे म्हातारी माणसं उरतात, आणि ज्यांची स्वतःची थोडी शेती आहे ती घरं. मी तिथल्या उपकेंद्रात आरोग्यसेवक होतो. आता वाशीमला आलोय, पण मन तिकडेच ओढ घेतं.

वस्तीतल्या एका घरची थोरली सून मागल्या हंगामात उसाच्या फडावरच बाळंतपणात गेली. ती निघाली तेव्हा मी तिच्या हातात लोहाच्या गोळ्या ठेवल्या होत्या, जपून राहा म्हणालो होतो, आणि आपलं काम झालं असं समजून घरी आलो होतो. यंदा त्याच घरची धाकटी सून पोटुशी होती. तिचे दिवसही हंगामातच भरणार होते. माहेरची माणसंसुद्धा ऊसतोडीलाच जाणारी. ती फडावर जाऊ नये, एवढी एकच गोष्ट माझ्या डोक्यात होती.

आधी मी बैठका ग्रामपंचायतीत घ्यायचो. बाया यायच्या नाहीत, आणि त्यांना आरोग्याचं महत्त्व कळत नाही असं मी वर कळवायचो. या वेळी त्या घरच्याच अंगणात बसलो. वस्तीतल्या बाया आल्या, शेजारच्या बौद्ध वस्तीतल्याही आल्या. सुनेला घरी ठेवा, असं मी समजावून सांगितलं. बरंच लांबवलं बहुतेक, कारण तिची सासू मध्येच म्हणाली, "झालं काय तुहं भाषन? मुकादमाले जोडी लागते. ही नाही गेली तं पोरासंगं मले जा लागते. मंग हिच्यापाशी कोन राहीन? तू राह्यतं काय?"

बाया हसल्या.

तेव्हा बौद्ध वस्तीतली एक बाई बोलली. निंदणाला त्या सगळ्या एकमेकींच्या शेतात सावड करायच्या, आज तुझ्या शेतात, उद्या माझ्या. ती म्हणाली, "निंदनाले सावड चालते, मंग पोटुशीले काहून नाही? एकेक दिवस एकेक घर राहीन तिच्यापाशी. जेवन बी त्याच घरचं." मग सासूकडे बघून सरळ विचारलं, "आमच्या घरचं चालन काय तिले?"

शेतात या बाया खांद्याला खांदा लावून निंदायच्या, पण भाकर आपापल्या बांधावर सोडायच्या. मी इतकी वर्षं ते पाहत होतो, आणि आपल्या कामाशी त्याचा संबंध नाही असं धरून चाललो होतो.

सासू सुनेकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तिखट कमी टाकजो. ते तुमच्या हातचं लय झनझनीत असते."

"अन् तुमच्या हातचं पानचट!"

अंगणभर हसू झालं. वार वाटून घेतले. गुरुवार उरला, तेव्हा सगळ्या माझ्याकडे बघू लागल्या. बायकोला न विचारताच मी हो म्हणालो.

सासू लेकासोबत ट्रकमध्ये चढली. त्यानंतरचे गुरुवार माझ्या नोकरीतले सगळ्यात चांगले दिवस होते. बायको डबा बांधायची, आम्ही दोघं जायचो. ती आणि सून आत बोलत बसायच्या, मी ओट्यावर. येणारीजाणारी बाई विचारायची, "काय बाप्पा, आज तुमी काय?" आज माझीच पाळी, हे सांगताना मला फार बरं वाटायचं.

आणि मग बदलीचा हुकूम आला. लेकीच्या शिक्षणासाठी मीच अर्ज केलेला होता. बाळंतपण होईपर्यंत थांबू द्या, अशी विनंती करता आली असती. ती मी केली नाही. गुरुवार त्या सावडीची गोष्ट काढणाऱ्या बाईनं स्वतःकडे घेतला. कुणी मला टोमणासुद्धा मारला नाही.

काही आठवड्यांनी सासूचा फडावरून फोन आला. "पोरगी झाली म्हनतेत! मालेगावच्या दवाखान्यात झाली, आता घरी आनली. दोघी बऱ्या हायेत ना?"

मला काहीच ठाऊक नव्हतं.

"भाऊ, बोल ना. तू पाह्यली असशीन. कोनावर गेली?"

मी वाशीमला आलोय, हे तिला सांगितलं. पलीकडून कोयत्यांचा आवाज येत होता.

"मंग जाय ना पाहून," ती म्हणाली. "मले कोन सांगन?"

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी गेलो. बाळंतीण उठून बसली होती, चेहऱ्यावर टवटवी होती. तिनं मुलगी माझ्या मांडीवर दिली. मी तिथूनच सासूला फोन लावला.

"नाक तुमचंच हाये, बाई."

"आत्ता! मंग नशीबच फुटलं पोरीचं." ती खूप हसली. मग हळूच विचारलं, "केस हायेत?"

"हायेत. काळेभोर."

मागून कुणीतरी गाडी भरायला हाक मारली आणि फोन बंद झाला.

एवढ्यात जिची पाळी होती ती बाई झाकलेलं ताट घेऊन आत आली. खोली लहान होती. मुलगी आईकडे देऊन मी उठलो आणि तिला बसायला जागा करून दिली.