लाल गाडीची तालीम

"एकदा करून बघू, मग करू," असं म्हणत आमचे घरमालक शर्टाच्या बाह्या दुमडायचे. बाह्या दुमडल्या की मी स्वयंपाकघराकडे सटकायला बघायचे, कारण करून बघायला समोर बहुतेक वेळा मीच असायचे.

हॉलंडमधल्या आइंडहोवनला त्यांच्या घराच्या माळ्यावरच्या खोलीत मी आणि माझे मिस्टर राहायचो. मिस्टर हॉटेलात आचारी, मी आठवीत शाळा सुटलेली, आणि घरमालक मोठ्या मशिनांचे इंजिनियर. त्यांची बायको आणि मुलगी पुण्यात, मुलीच्या शाळेपायी. मी त्यांना दादा म्हणायचे, ते मला वहिनी. संध्याकाळचा स्वयंपाक माझ्याकडे होता.

तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल, मुहूर्ताच्या आदल्या दिवशी मंगल कार्यालयापर्यंत गाडी नेऊन आणणारा. दादांची त्याच्यावर कडी. दाताच्या डॉक्टरकडे जायचं असलं की ते आदल्या रविवारी सायकलवरून जायचे आणि बंद दाराला हात लावून परत यायचे.

मला नगरपालिकेत नाव नोंदवायचं होतं. खिडकीमागे माणूस दिसला की मला अजूनही घाम फुटतो. तेव्हा दादा जेवणाच्या टेबलामागे कारकून होऊन बसले. "पासपोर्ट. जन्मतारीख. इकडे का आलात?" इतकं खडूस विचारलं की मला रडूच आलं.

"रडून झालं ना? मग आता उद्या रडू येणार नाही," असं म्हणत त्यांनी चहा टाकला. दुसऱ्या दिवशी खिडकीतली बाई माझ्याकडे बघून चक्क हसली. उपकार म्हणतात ते हेच. त्यांच्यामुळे मी त्या परक्या गावात उभी राहिले.

त्या वर्षी मे महिन्यात बायको-मुलगी सुट्टीला येणार होत्या. मुलगी चौदाची. फोनवर ती बापाशी "हो", "नाही" आणि "आईला देते" एवढंच बोलायची. दादांनी भलाथोरला खोका आणला. प्लॅस्टिकचे ठोकळे जोडून लाल स्पोर्ट्स कार बनवायची, आत गिअर, स्टिअरिंग, सगळं खऱ्यासारखं.

"ती आणि मी, एका टेबलावर. बोलावंच लागेल तिला," ते म्हणाले. "पण मी मध्येच अडलो तर ती उठून जाईल, वहिनी."

आणि बाह्या दुमडल्या.

"तुम्ही माझी लेक. जरा तुटक बोला."

"दादा, तुम्ही घरमालक. तुमच्याशी तुटक कशी बोलू?"

"प्रयत्न करा."

मी जीव मुठीत धरून म्हटलं, "शी, बोअर आहे." त्यांचा चेहरा खरोखर पडला. मी घाबरून म्हटलं, "नाही हो, छान आहे!"

"भूमिका सोडू नका!"

सोबतच्या पुस्तकात एक अक्षर नव्हतं, नुसती चित्रं. कागद दिसला की हातपाय गाळणारी मी, ते पुस्तक मात्र घडाघडा वाचायचे. तुकड्यांना नावं नव्हती, ती मी दिली. दातेरी चाक म्हणजे चकली, तिरका तुकडा शंकरपाळी, बारीक दांडा शेव. एकदा ऑफिसच्या फोनवर इंग्रजीत बोलता बोलता दादा "धाकटी चकली" म्हणून गेले, मग पलीकडच्या डच साहेबाला समजावताना त्यांची जी तारांबळ उडाली!

गाडी झाली. स्टिअरिंग फिरवलं की चाकं वळत होती. दादांनी दोन बोटांनी ढकलत ती बेडरूमपर्यंत नेऊन आणली, आणि मग सुस्कारा सोडून आम्ही ती पार सुटी केली. पण तुकड्यांच्या पिशव्या तर फाडलेल्या! लग्नाआधी मी एका गृहउद्योगात चिवड्याची पाकिटं मेणबत्तीवर चिकटवायचे. नव्या पिशव्या आणल्या आणि सगळ्या तशाच बंद करून दिल्या.

मुलगी आली. पिशवी हुंगून म्हणाली, "बाबा, याला मेणाचा वास का येतोय?"

"युरोपात असंच असतं," दादा म्हणाले. स्वयंपाकघरात मी कणकेच्या परातीत तोंड घालायची बाकी होते.

पण घात वेगळाच झाला. दादांचे हात पुस्तकाच्या पुढे पळायला लागले. ती एक तुकडा शोधेपर्यंत यांनी चार बसवलेले. तिने पुस्तक मिटलं.

"तुम्हाला पाठ आहे की सगळं. मग मी कशाला?" आणि ती उठली.

"करून बघितली होती," दादा खालच्या मानेनं म्हणाले. "तुझ्यासमोर चुकायला नको म्हणून. वहिनी तू झाल्या होत्या."

ती वळून माझ्याकडे बघायला लागली. "तुम्ही मी झालात? म्हणजे काय केलंत?"

खोटं कुठलं सुचणार? मी म्हटलं, "शी, बोअर आहे, असं म्हटलं."

ती इतकी हसली की खुर्चीचा आधार घेऊन पुन्हा बसलीच. मग बापाकडे बोट रोखून म्हणाली, "हात लावायचा नाही. अजिबात. मी विचारलं तरच सांगायचं."

दादांनी दोन्ही हात मांडीखाली दाबले. अर्धा तास तसेच बसून होते, पुढे झुकून, आपणहून एकही चकली न सुचवता. ती विचारत होती, ते सांगत होते, मध्येच तिने शाळेतल्या कुठल्याशा बाईंची नक्कल करून दाखवली. दादांचा चष्मा घसरत घसरत नाकाच्या शेंड्यावर आला, तरी हात काही निघाले नाहीत.

"वहिनी," ते कुजबुजले, "तेवढा चष्मा वर करा."

माझे हात कणकेचे. मी मनगटाने ढकलला.